वाफ, दांडा, बटण : घरातल्या एका कॉफीयंत्राची पूर्वपीठिका

लग्नाच्या मांडवात ‘एक्स्प्रेसो’ मागितली की काय मिळतं, हे परभणीकडच्या माणसाला सांगायला नको. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात स्टीलचं एक उभं पिंप असतं. त्याच्या पोटाखाली गॅसची शेगडी, अंगावर दाब दाखवणारा काटा, डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पुढे आलेली एक वाकडी नळी. पेल्यात इन्स्टंट कॉफी आणि साखर, वर दूध, त्यात ती नळी बुडवून चावी फिरवायची. घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज होतो, दूध फुगतं, काठापर्यंत फेस येतो आणि फेसावर चॉकलेटची पूड पडते. मी ही कॉफी पहिल्यांदा प्यायले ती १९८४-८५च्या हिवाळ्यात, मैत्रिणीच्या लग्नात. मी घाई केली तेव्हा यंत्रावरचा पोरगा म्हणाला होता, “थांबा ताई, वाफ यायलीय अजून.”

पुढे तीस-बत्तीस वर्षं मी महाविद्यालयात इतिहास शिकवला, पण त्या पोराच्या बोलण्यात एका मोठ्या इतिहासाचं पहिलं प्रकरण आहे हे कधी लक्षात आलं नाही. ते आलं निवृत्तीनंतर, घरासाठी एस्प्रेसोचं यंत्र निवडायची वेळ आली तेव्हा.

परभणीसारख्या गावात, जिथे चहाशिवाय पान हलत नाही, तिथे असलं यंत्र कशाला, हा प्रश्न मला दोन-तीन जणींनी विचारलाच. त्याचं उत्तर आमच्या घरातल्या सकाळीत आहे. माझे यजमान कृषी विद्यापीठात होते. ऐंशीच्या दशकात पीएच.डी.साठी ते बेंगळुरूला राहिले आणि येताना पितळेचा एक फिल्टर घेऊन आले. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या तळाला भोकं, पूड दाबायला छत्रीसारखी एक चकती. तेव्हापासून पहाटेची कॉफी त्यांची. मी उठायच्या आत उकळतं पाणी ओतून ते पेपरची वाट पाहत बसायचे. डिकॉक्शन थेंबाथेंबाने खाली उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ घरात त्यांचा. मला उठवायचे ते वाटी-पेल्यातली कॉफी वरखाली करण्याच्या आवाजाने. चाळीस वर्षं हा क्रम चुकला नाही.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणंही काठीवर आलं. उजवा हात मात्र आला नाही. फिल्टरचे दोन डबे एकमेकांत बसवायला दोन हात लागतात. गरम डबा सोडवायलाही दोन लागतात. मी कॉफी करून देऊ लागले, ते प्यायचे आणि काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, “तू केलेली चांगलीच होते गं. पण मग मी उठायचं कशाला?”

यंत्राचा शोध सुरू झाला तो तिथून. मुलगी पुण्याहून म्हणाली, “आई, तू फुली ऑटोमॅटिक घे आणि मोकळी हो.” पण ज्या माणसाला सवय इतिहासाची, ती अशी मोकळी होत नाही. हे ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे नेमकं काय, कोणतं काम माणसाकडून काढून यंत्राकडे दिलं, कधी दिलं आणि का दिलं, हे मी पाहू लागले.

आपल्याकडे कॉफी नवी नाही. बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्याची कथा सर्वश्रुत आहे. मराठी घरात ती आली मात्र मुख्यतः मुंबईच्या बाजूने. पेस्तनजी एदलजी या पारशी गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत कॉफी दळून विकायला सुरुवात केली. त्यांचं ‘पोल्सन’ पुढे लोण्यासाठी गाजलं आणि त्याच पोल्सनच्या मक्तेदारीवरच्या रागातून १९४६मध्ये आणंदची सहकारी दूध चळवळ उभी राहिली. पण पोल्सन मुळात कॉफीचं. चिकोरी घातलेली ती पूड सेलूच्या आमच्या वाड्यात डब्यातून यायची. आजीच्या सांगण्याप्रमाणे तिच्या सासऱ्यांच्या काळात मुंबईचा माल निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरी भरावी लागे आणि गावात हिशेब हाली सिक्क्यात चाले, त्यामुळे कॉफी ही पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. ती दुधात उकळायची, फडक्यातून गाळायची आणि वर जायफळ किसायचं. जायफळ झोप आणतं आणि कॉफी झोप घालवते, हा विरोधाभास आजीला कधी जाणवला नसावा.

कॉफीला चटावलेला समाज घडवण्याचं काम पुढे सरकारने अंगावर घेतलं. मंदीत बागायतदारांचा माल पडून राहू लागला तेव्हा कॉफी सेस कमिटीने १९३६मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस काढलं. १९४२च्या कायद्यानंतर कॉफी बोर्डाकडे सगळा माल एकत्र होऊ लागला. बागायतदाराने आपली कॉफी स्वतः विकण्याची मोकळीक नव्वदच्या दशकात मिळाली. पन्नाशीत बोर्ड कॉफी हाउसं बंद करू लागलं आणि कामावरून गेलेल्या वेटरांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने १९५७पासून सहकारी संस्था काढून ती चालवली. या सगळ्या कथेत एस्प्रेसो कुठेच नाही. दाबाने काढलेली कॉफी देशात सर्रास झाली ती १९९६मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडल्यानंतरच्या वर्षांत. मांडवातलं पिंप त्याच्या किती तरी आधी आमच्याकडे येऊन बसलं होतं. एस्प्रेसोचं नाव आधी आलं आणि एस्प्रेसो नंतर.

नावाबद्दल थोडं. इटालियन ‘एस्प्रेसो’ या शब्दात तीन अर्थ एकमेकांत गुंतले आहेत : दाबून काढलेली, झटपट होणारी आणि मागणाऱ्यासाठी मुद्दाम केलेली. आपले लोक ‘एक्स्प्रेसो’ म्हणतात म्हणून शहरी मंडळी हसतात. पण आगगाडीच्या एक्स्प्रेसशी या शब्दाचं नातं खुद्द इटलीतच जोडलेलं आहे. लिओनेत्तो कापिएल्लोने १९२२मध्ये व्हिक्टोरिया आर्दुइनो यंत्रांसाठी केलेलं भित्तिचित्र प्रसिद्ध आहे. त्यात धावत्या गाडीतून बाहेर झुकलेला प्रवासी यंत्रातून कॉफी भरून घेतो आहे. देवगिरी एक्स्प्रेसने प्रवास करणाऱ्या परभणीकराने शब्द चुकवला असं मला तरी म्हणवत नाही.

आता यंत्र. १८८४मध्ये तुरीनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. तिथे आंजेलो मोरिओन्दो या हॉटेलवाल्याने वाफेवर चालणारं कॉफीयंत्र मांडलं आणि १६ मे रोजी त्याचं पेटंट घेतलं. त्याला घाई होती ती गिऱ्हाइकांची. हॉटेलात माणसं ताटकळत, कॉफी सावकाश गळत असे. मोरिओन्दोच्या यंत्रात मोठं बॉयलर होतं. त्याच्या दाबाने पाणी कॉफीच्या थरातून ढकललं जाई, पण एका वेळी पुष्कळ पेल्यांची कॉफी निघे. त्याने यंत्र विकायचा धंदा केला नाही, आपल्या हॉटेलापुरतं ठेवलं, आणि त्यामुळे पुढची बरीच वर्षं त्याचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं.

एकेका पेल्याची कॉफी काढणारं यंत्र १९०१मध्ये मिलानच्या लुइजी बेत्सेराने केलं. मूठ असलेली गाळणी, तीत पूड भरून यंत्राच्या तोंडाला आवळून बसवायची, खाली पेला : हा आजचा सगळा थाट बेत्सेराचा. पेटंटचे हक्क देसिदेरिओ पावोनीने घेतले, १९०५पासून ‘इदेआले’ नावाची यंत्रं बनवली आणि १९०६च्या मिलान प्रदर्शनात लोकांना त्याची कॉफी पाजली. ही यंत्रं म्हणजे उभी, चकचकीत पिंपं, माथ्यावर घुमट नाहीतर पंख पसरलेला गरुड. गरुड वगळला तर त्यांचं चित्र पाहून आमच्या मंगल कार्यालयाचा कोपराच आठवतो.

पण वाफेच्या जोराला मर्यादा होती. बॉयलरमध्ये दीडेक वातावरणाचा दाब, आणि पाणी उकळतं. त्यामुळे कॉफी झटपट होई पण करपट, कडू लागे, आणि वर आज दिसते ती सोनेरी साय नसे. १९३३चा बियालेत्तीचा मोका पॉट, जो अजूनही इटलीतल्या घराघरांत गॅसवर चढतो, तोही याच वाफेच्या जोरावर चालतो.

ही कोंडी फोडली आकिल्ले गाज्जाने. मिलानला त्याचं कॉफीचं दुकान होतं. १९३८मध्ये त्याने पहिलं पेटंट घेतलं, मध्ये युद्ध झालं, आणि १९४७च्या पेटंटात स्प्रिंग लावलेला दांडा आला. माणसाने दांडा खाली ओढायचा; स्प्रिंग दबते; हात सोडला की ती उसळून पाणी कॉफीतून रेटते. दाब एकदम आठ-दहा वातावरणांवर गेला, पाणी उकळतं असण्याची गरज उरली नाही आणि पेल्यावर साय आली. गिऱ्हाइकांना आधी ती घाण वाटली, मग गाज्जाने तिचंच नाव पुढे केलं. एस्प्रेसोची आजची चव तिथे सुरू होते. आणि गंमत अशी की वाफेने जे काम माणसाच्या हातातून काढून घेतलं होतं, ते गाज्जाने पुन्हा दंडावर आणून ठेवलं. साठ वर्षांच्या यांत्रिक प्रगतीनंतर कॉफी काढणाऱ्याला दिवसभर दांडा ओढावा लागू लागला, आणि स्प्रिंग निसटली तर जबड्यावर मार.

१९६१मध्ये फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो व्हालेन्तेने दांडा काढून विजेचा पंप बसवला. त्या वर्षी फेब्रुवारीत खग्रास सूर्यग्रहण झालं, त्यावरून यंत्राचं नाव ई-६१. नऊ वातावरणांचा स्थिर दाब, स्विच दाबला की सुरू. कॉफी दुकानाची गोष्ट इथे जवळपास पुरी होते. नंतर जे झालं ते घरात. त्याच १९६१मध्ये ला पावोनीने घरगुती दांड्याचं ‘युरोपिकोला’ काढलं, जे आजही मिळतं. १९७७मध्ये गाज्जाचं घरगुती ‘बेबी’ आलं. १९८५मध्ये साएको कंपनीने घरासाठी असं यंत्र काढलं की वरून बिया घाला, बटण दाबा, खाली कॉफी घ्या; दळणं, दाबणं, पाणी सोडणं, चोथा टाकणं सगळं पोटातल्या पोटात. पुढच्याच वर्षी नेस्प्रेसोची कॅप्सूल बाजारात आली आणि दळण्याचा प्रश्नच कारखान्यात गेला.

इतकं वाचून झाल्यावर मी दुराग्रही झाले होते हे कबूल करायला हवं. मला वाटे, घ्यायचं तर मधलं यंत्र घ्यावं : वरती बिया दळणारी चक्की, पुढे मुठीची गाळणी, बाजूला वाफेची नळी. ब्रेव्हिल कंपनीने २०१३मध्ये ‘बरिस्टा एक्स्प्रेस’ काढल्यापासून एकाच चौकटीत सगळं बसवलेली अशी यंत्रं जगभर लोकप्रिय झाली आहेत, आणि आता त्यांच्या पुढच्या पिढ्या पुडीचं माप आणि दुधाचं तापमान आपणहून सांभाळतात. कॉफीवर लिहिणारे जाणकार यांचीच बाजू घेतात. पूर्ण स्वयंचलित यंत्राकडे ते जरा नाक मुरडून पाहतात. त्यात हाताचं कसब उरत नाही म्हणतात. मलाही ते पटलं होतं. ‘हात’ या शब्दाला इतिहास लिहिणारे फार लवकर भुलतात.

तसं एक यंत्र आम्ही घेतलं. कंपनीचं नाव सांगत नाही. पहिल्याच सकाळी कळलं की गाळणी यंत्राच्या तोंडात आवळायला एका हाताने मूठ फिरवावी लागते आणि दुसऱ्याने यंत्र धरावं लागतं, नाहीतर सगळं यंत्रच ओट्यावर फिरतं. पूड दाबायला जुन्या पुस्तकी हिशेबाने साडेतेरा किलोचा भार लागतो; तो डाव्या हाताने देता येतो, पण तेव्हा गाळणी कोण धरणार? यजमानांनी तीन दिवस प्रयत्न केला. गाळणी पोटाशी आणि ओट्याच्या कडेशी दाबून धरून पाहिली. चौथ्या दिवशी पूड सगळ्या सदऱ्यावर सांडली आणि त्यांनी माझ्याकडे न पाहता फडकं घेतलं. पुढच्या आठवड्यात वीज दोनदा गेली-आली आणि यंत्राच्या आतला बोर्ड उडाला. दुरुस्ती केंद्र परभणीत नाही, नांदेडला नाही. दुकानदाराशी बोलणं, पत्रं, शेवटी निम्मे पैसे परत. तो अध्याय तिथेच मिटवला.

त्या दिवसांत मला जात्याची आठवण येत राहिली. कॉफीच्या चक्कीतली दोन पोलादी शंकूंची जोडी म्हणजे दुसरं काय? एक स्थिर, एक फिरता, मधून दाणा चिरडत बाहेर. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावांतल्या बायकांच्याही त्यात आहेत. वर्गात मी त्या शिकवलेल्या आहेत आणि ओवी संपली म्हणून हळहळलेही आहे. पण माझी आजी पहाटे तीनला उठून दळायची, आणि सेलूला पिठाची गिरणी आली तेव्हा तिने जातं अंगणात नेऊन उपडं घातलं, ते तिच्या हयातीत कोणाला सरळ करू दिलं नाही. हाताचं कसब टिकावं असं वाटणारे बहुधा दुसऱ्याच्या हाताबद्दल बोलत असतात. मी तर प्रत्यक्ष ज्याचा हात गेला त्याच्यापुढे बसून बोलत होते.

म्हणून दुसऱ्या खेपेला प्रश्न उलटा केला. कॉफी कुठली उत्तम, हे बाजूला ठेवलं. एका डाव्या हाताने, बसून नाही तर काठी टेकवून उभं राहून, कोणतं काम होतं आणि कोणतं नाही, याची यजमानांनीच यादी केली. शेतीशास्त्राचा माणूस, वहीत रकाने आखून केली.

बटण दाबणं जमतं. पण पडद्यावर बोट सरकवावं लागणारी यंत्रं नकोत, कारण डाव्या हाताचं बोट अजून नेमकं पडत नाही. बिया ओतणं जमतं. पाण्याची टाकी काढून नळाखाली धरणं जमत नाही. पावणेदोन-दोन लिटरची भरलेली टाकी दोन हातांची असते. तेव्हा टाकी जागेवरच असताना वरून झाकण उघडून पाणी ओतता येणारं यंत्र हवं. चोथ्याचा डबा पुढून ओढता यावा. कॉफी दाबणारा आतला भाग काही कंपन्यांच्या यंत्रांत काढून नळाखाली धुता येतो, काहींच्यात आतच राहतो आणि गोळी टाकून यंत्र स्वतः धुतं. कोरड्या स्वयंपाकघरात दुसरा प्रकार सोयीचा असेल. आमच्याकडे श्रावणात चोथ्याला दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे निघणारा भाग बरा. तो आठवड्यातून एकदा मी धुवायचा, एवढं त्यांनी मान्य केलं. कागदावर तसं लिहिलंही : ‘रविवार – ती.’

दुधाचा प्रश्न अवघड होता. ही यंत्रं गाईचं पातळ दूध धरून बनवलेली. आमच्याकडे रतीब म्हशीचा, आणि म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश. दुधाचा फेस धरतात ती त्यातली प्रथिनं. स्निग्धांश फार झाला की फेस जड होऊन बसतो, आणि सायीचा एक तुकडा बारीक नळीत अडकला की दूध यायचंच थांबतं. दुधाचा डबा जोडलेली आणि कॅपुचिनो एका बटणावर देणारी महाग यंत्रं म्हणूनच बाद केली. दूध वेगळं तापवायचं, पेल्यात आधी ओतून ठेवायचं. फेस हवाच असेल तर लग्नाला जायचं, असं ते म्हणाले. आजारपणानंतर त्यांनी केलेला तो पहिला विनोद असावा.

पाणी ही दख्खनच्या काळ्या खडकावर राहणाऱ्यांची जुनी अडचण. बोअरचं पाणी जड. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर दिसतो तोच यंत्राच्या बारीक नळ्यांत बसतो आणि बॉयलर गुदमरतो. म्हणून पिण्यासाठीचं शुद्ध केलेलं पाणी, तेही अगदी क्षारहीन नको. क्षार मुळीच नसतील तर कॉफी सपक लागते आणि काही यंत्रांना पाणी आहे हेच समजत नाही. वीज दीड हजार वॅटच्या घरात. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. त्याच्यासाठी स्टॅबिलायझर घेतला, आणि भारनियमनाच्या वेळा भिंतीवर लावल्या.

चिकोरीचा मुद्दा राहिला. बेंगळुरूची सवय ऐंशी-वीसच्या मिश्रणाची. चिकोरीची पूड बियांच्या चक्कीत घालता येत नाही, आणि आयत्या पुडीसाठी यंत्राला वेगळं तोंड असलं तरी चिकोरी ओली झाली की गाळणी चोंदते. म्हणजे चिकोरी सोडायची. इटलीच्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेचं प्रमाण आहे सात ग्रॅम कॉफी, पंचवीस सेकंद, पंचवीस मिलिलिटर. एवढीशी कॉफी पाहून यजमान म्हणाले, “हे तर औषधाच्या टोपणाचं माप झालं.” शेवटी दोन बटणं ठरली : मोठा पेला, कडक. चिकमगळूरच्या बिया, मध्यम भाजलेल्या. फार काळ्या, तेल सुटलेल्या बिया चक्कीला चिकटतात. पार्सल आठ दिवसांनी येतं.

यंत्र गेल्या पौषात आलं. पूर्ण स्वयंचलित, किमतीला मधलं, दिसायला काळं आणि कुरूप. माथ्यावर गरुड नाही. पहिल्या दिवशी पहाटे पाचला घरघर ऐकून मी उठले आणि दारातच थांबले. चक्की दळत होती. मग क्षणभर शांतता, मग पंपाचा बारीक आवाज. यजमान ओट्याला काठी टेकवून उभे होते आणि डावा हात यंत्रावर ठेवलेला होता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. कॉफी व्हायला मिनिटसुद्धा लागलं नाही. पेला उचलून टेबलापर्यंत आणायला पाच-सहा मिनिटं लागली, कारण एका हातात काठी होती आणि पेल्यासाठी हात उरत नव्हता. शेवटी त्यांनी काठी ओट्याला टेकवून ठेवली, ओटा धरत धरत पेला एक-एक वीत पुढे सरकवत नेला.

आता ओट्यापासून टेबलापर्यंतची ती चार पावलांची फट बुजवायला एक अरुंद फळी ठोकून घेतली आहे. सुताराने विचारलं, कशासाठी. यजमानांनी सांगितलं, “कॉफीसाठी सडक.”

पितळेचा फिल्टर फडताळात आहे. वीज नसली की मी तो काढते, दोन्ही डबे बसवते, उकळतं पाणी ओतते, आणि ते खुर्चीवर बसून थेंब मोजतात. घाई केली तर ऐकून घ्यावं लागतं.